स्टेंट बसल्यावर कारखान्यात परत कधी? आणि "हलकं काम" म्हणजे नेमकं किती?

प्रतापनगरकर (धागाकर्ता)

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) लेथवर काम करणारे माझे मेव्हणे, वय ५२. हार्ट अटॅक आला आणि त्याच दिवशी अँजिओप्लास्टी झाली. डिस्चार्जच्या कागदावर आहे ते असं: एलएडीत (हृदयाच्या डाव्या पुढच्या नळीत) एक औषधी स्टेंट, उजव्या मनगटातून. ईएफ ४५ टक्के. आरसीएमध्ये (हृदयाच्या उजव्या नळीत) ६० टक्के अडथळा, त्यावर सध्या औषधंच. आणि शेवटी एक ओळ: "दोन आठवडे विश्रांती, नंतर हलके काम."

घोडं इथेच अडलंय. कंपनीत हलकं काम नावाचं खातंच नाही. २५ किलोचा चक (लेथवर जॉब पकडणारा भाग) चढवा-उतरवायचा, आठ तास उभं राहायचं, तीन पाळ्या, वर पत्र्याची शेड. घरचे म्हणतात सहा महिने जागचे हलू नका. कंपनी म्हणते फिटनेस आणा आणि सोमवारी या.

जाणकारांनी सांगावं की दिवस कशावरून ठरवायचे? डॉक्टरांना काय विचारायचं? "आमच्या काकांना काही झालं नाही" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते व्हॉट्सॲपवर भरपूर मिळालेत.

अलकापुरीचा_राजा

दोन आठवडे भरपूर झाले. हल्ली स्टेंट म्हणजे दाढ काढण्यासारखं. आज आत, उद्या घरी.

चालतं_बोलतं

राजेसाहेब, तुम्ही म्हणताय ते अटॅक न येता, ठरवून बसवलेल्या स्टेंटबद्दल. तिथे हृदयाच्या स्नायूला इजा झालेलीच नसते. टेबलावरचं काम असेल तर माणूस आठवड्याभरात ऑफिसात जातो, त्यात गैर काही नाही.

अटॅक आल्यावर गणित बदलतं. स्टेंटने नळी उघडली, पण तोवर स्नायूचा जो भाग मेला त्याजागी व्रण तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून बैठ्या कामाला साधारण २ ते ४ आठवडे, उभ्याने मध्यम कामाला ४ ते ६, आणि वजनं उचलण्याच्या कामाला ६ ते १२ आठवडे असा ढोबळ अंदाज धरतात. तोही अंदाजच. धागाकर्त्यांनी लिहिलेल्या कागदात तारखेपेक्षा महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत: ईएफ ४५ आणि आरसीएतला ६० टक्के.

ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं. ५५च्या वर असेल तर चिंता नाही. ४५ म्हणजे थोडी घट. अटॅकनंतर लगेच केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हा आकडा बऱ्याचदा कमी दिसतो, कारण काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो. ६ आठवड्यांनी इको परत केला की तो वर गेलेला दिसू शकतो. तेव्हा जड कामाचा निर्णय पहिल्या इकोवर नको, दुसऱ्यावर घ्या.

रावपुरा_टॉवर

आणि तो आरसीएतला ६० टक्के? तो तसाच ठेवून लेथवर उभं राहायचं?

चालतं_बोलतं

डोळ्यांनी पाहिलेले ६० टक्के म्हणजे रक्त कमी पडतंच असं नाही. बारीक तार घालून दाब मोजतात, त्याला एफएफआर म्हणतात. तो ०.८० किंवा त्याखाली आला तर अडथळा खरोखर आड येतोय असं धरतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या "कम्प्लीट" चाचणीने दाखवलं की मोठ्या अटॅकच्या रुग्णात उरलेले महत्त्वाचे अडथळेही उघडले तर पुढचे अटॅक कमी होतात. तिथे ७० टक्क्यांच्या वरचे अडथळे थेट धरले होते आणि ५० ते ६९चे एफएफआर बघून. म्हणजे मेव्हण्यांचा अडथळा नेमका या मधल्या पट्ट्यात येतो. डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा: "आरसीएची तपासणी करायची आहे का, आणि ती कामावर जायच्या आधी की नंतर?"

सिस्टर_इन_चार्ज

मनगटाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून.

उजव्या मनगटातून झालंय आणि माणूस उजव्या हाताने पाना फिरवणारा. पहिले २-३ दिवस त्या हाताने पाण्याच्या बाटलीपेक्षा जड काही नको. हाताचा आधार घेऊन पलंगावरून उठायचं नाही. आठवडाभर २-३ किलोच्या वर नाही. चक की आवळणं, हातोडी मारणं, फाइल घासणं यात मनगट पिळतं आणि दणका बसतो, त्यामुळे १० दिवस तरी लांबच. स्कूटर सेंटर स्टँडवर ओढून लावणं हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. त्यात मनगटही ताणलं जातं आणि श्वासही कोंडला जातो. साइड स्टँड लावा.

जागेवर शेंगदाण्याएवढी गाठ आणि निळसरपणा चालतो, दोन आठवड्यांत जातो. गाठ वाढत चालली, बोटं बधिर किंवा गार पडली, तर त्याच दिवशी दाखवायचं. रक्त येऊ लागलं तर बोटांनी घट्ट दाबून १० मिनिटं धरायचं. मध्येमध्ये उचलून "थांबलं का" बघायचं नाही, तसं केलं की परत सुरू होतं.

जांघेतून झालेल्यांना आणखी एक बंधन: आठवडाभर उकिडवं बसायचं नाही. म्हणजे भारतीय पद्धतीचा संडास, खाली बसून जेवण, बाइकची किक, सगळं बंद. एकदम मांडीत किंवा कमरेत मागच्या बाजूला दुखू लागलं आणि चक्कर आली तर आत रक्तस्राव होतोय असं समजून थेट हॉस्पिटल गाठा.

खंडेराव_मार्केट

दहा दिवस चक की आवळायची नाही म्हणजे मेव्हणे सुट्टीवरच की हो! आमच्याकडे उजवा हात तसाही फक्त चहाच्या कपाला लागतो.

गोळीवाले_काका

अटॅकनंतरचा स्टेंट म्हणजे दोन गोळ्या रक्त पातळ ठेवणाऱ्या, आणि त्या सर्वसाधारणपणे १२ महिने. ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम एकदा. जोडीला टिकाग्रेलॉर ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किंवा प्रासुग्रेल १० एकदा, किंवा क्लोपिडोग्रेल ७५ एकदा. मेव्हण्यांना यातली कोणती आहे त्यावर पाळीचं गणित अवलंबून आहे.

टिकाग्रेलॉर असेल तर १२ तासांचं अंतर लागतं. पहिल्या पाळीत सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ सहज जमतं. रात्रपाळी आली की माणूस सकाळी येऊन झोपतो आणि डोस दुपारी दोनवर जातो. म्हणून घड्याळाची वेळ पकडा, "नाश्त्यानंतर" असं ठेवू नका. एखादा डोस चुकला तर पुढचा वेळेवर घ्या, दोन एकदम नाहीत. एटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन दिवसात केव्हाही चालतात, त्यांना रात्रच लागते हे जुन्या स्टॅटिनचं खूळ.

टिकाग्रेलॉरवर काहींना धाप लागल्यासारखं वाटतं. बसल्याबसल्या खोल श्वास घ्यावासा वाटतो आणि जिना चढून त्यात वाढ होत नाही, तर बहुधा ते गोळीमुळे. तरी आपणहून बंद करायची नाही. डॉक्टर दुसरी गोळी देतात, पण बदलताना मध्ये खंड पडू देत नाहीत. पहिल्या काही महिन्यांत गोळ्या मध्येच थांबवणं हे स्टेंट गुठळीने बंद पडण्याचं मोठं कारण आहे. दंतवैद्य म्हणाले "पाच दिवस गोळी बंद करा" तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही. साधी दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच काढतात.

कारखान्यात अंग दुखलं की डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेण्याची सवय असते. त्या दोन्ही नकोत. या गोळ्यांबरोबर त्या पोटात रक्तस्राव घडवतात आणि हृदयालाही वाईट. पॅरासिटामॉल चालतं. पित्तासाठी क्लोपिडोग्रेलबरोबर ओमेप्रॅझोल, एसोमेप्रॅझोल टाळतात, पँटोप्रॅझोल देतात.

आणि बडोदेकरांनी १५ दिवसांचा जादा साठा घरात वरच्या कपाटात ठेवावा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा कितीतरी भागांत दिवसच्या दिवस दुकानं उघडली नव्हती.

मांडवीची_मावशी

काका, लसणाच्या गोळ्या आणि अर्जुनसाल सोबत चालते का? सगळे सांगतात.

गोळीवाले_काका

भाजीत लसूण घाला खुशाल. लसणाच्या अर्काच्या कॅप्सूल रक्त आणखी पातळ करू शकतात, त्या नकोत. अर्जुनसाल घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, आणि तिच्या भरवशावर एकही गोळी कमी करू नका.

भोंगा_८चा

कारखान्याच्या बाजूने लिहितो. "हलकं काम" हा शब्द डॉक्टर लिहितात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे टेबल असतं, आणि फोरमन वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे १० किलोचा जॉब असतो. म्हणून आकड्यांत बोलायला हवं.

शांत बसलेल्या माणसाला लागणारा ऑक्सिजन म्हणजे १ मेट. टेबलावर काम दीड मेट. लेथ चालवत उभं राहणं साधारण ३. ताशी ५ किमी चालणं साडेतीन. सावकाश जिना ४. वजन घेऊन जिना चढणं ८च्या घरात.

आता ट्रेडमिल टेस्ट, म्हणजे टीएमटी. ब्रूस पद्धतीत दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. दुसरा टप्पा पुरा केला, म्हणजे ६ मिनिटं, तर सुमारे ७ मेट. तिसरा पुरा, म्हणजे ९ मिनिटं, तर सुमारे १०. आठ तासांच्या पाळीत सरासरी श्रम हे या कमाल आकड्याच्या ४० टक्क्यांपर्यंत ठेवावेत असा आडाखा आहे. ७ मेटवाल्याला २.८ येतात, म्हणजे लेथवर आठ तास काठावर. १० मेटवाल्याला ४ येतात, म्हणजे लेथ आरामात. अधूनमधून मिनिट-दोन मिनिटांचा जास्त जोर चालतो, पण तो सरासरीत जमेस धरावा लागतो.

पण चकाचा प्रश्न मेटने सुटत नाही. २५ किलो उचलताना माणूस श्वास कोंडून धरतो, त्या क्षणी रक्तदाब एकदम चढतो. ट्रेडमिलवर हे दिसत नाही. तिथे उपाय एकच: साखळी चेनपुली किंवा छोटी जिब क्रेन, किंवा दुसरा माणूस. चेनपुलीचा खर्च कंपनीला परवडतो, एका अनुभवी टर्नरची जागा भरणं जास्त महाग पडतं. एचआरला हेच सांगा.

उष्णतेचं: मेमध्ये बडोद्यात ४२-४३ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. रक्तदाबाच्या गोळ्या चालू, घाम गेलेला, पाणी कमी, की उभ्याउभ्या चक्कर. ती चक्कर फिरत्या चकाजवळ आली तर हृदयापेक्षा हाताचं आधी बघावं लागेल. पंखा समोरून, पाणी हाताशी आणि पहिले काही आठवडे सकाळची पाळी. मात्र ईएफ खूप कमी असणाऱ्यांना कधीकधी पाणी मोजून सांगितलेलं असतं, त्यांनी डॉक्टरांचाच आकडा पाळावा.

न्यायमंदिर_चौक

भोंगासाहेब, टीएमटीवर एवढा भर का? मेटोप्रोलॉल (बीटा ब्लॉकर, नाडी संथ ठेवणारी गोळी) चालू असताना नाडी चढतच नाही, रिपोर्ट "निष्कर्ष नाही" असा येतो. मग कंपनी म्हणते रिपोर्ट अपुरा.

भोंगा_८चा

बरोबर पकडलंत. ५२ वर्षांच्या माणसाची अपेक्षित कमाल नाडी २२० वजा ५२, म्हणजे १६८, आणि तिच्या ८५ टक्के म्हणजे १४३. बीटा ब्लॉकरवर बहुतेकांची नाडी तिथवर जात नाही. पण इथे टेस्ट अडथळा शोधायला नसून कुवत मोजायला आहे. माणूस कामावर गोळ्या घेऊनच जाणार, मग टेस्टही गोळ्या घेऊनच करावी. चिठ्ठीवर "गोळ्या चालू ठेवून, कार्यक्षमता मोजण्यासाठी" असं लिहून घ्या. रिपोर्टात तीन गोष्टी बघा: किती मेट, छातीत दुखलं का, रक्तदाब श्रमाबरोबर चढला की पडला. रक्तदाब पडला असेल तर कामाचा विषय बंद, आधी डॉक्टर.

चालतं_बोलतं

इथे माझं थोडं वेगळं मत. प्रत्येक स्टेंटवाल्याला टीएमटी लागत नाही. बैठं काम, ईएफ चांगला, बाकी नळ्या साफ, तर चालण्याचा कार्यक्रम न दुखता पार पाडला एवढं पुरे. पण जड काम, उंचीवरचं काम, ड्रायव्हिंग किंवा शिल्लक अडथळा असेल तर हवीच. मेव्हणे दुसऱ्या गटात.

तोवर घरी काय? नुसतं पडून राहणं हे सर्वांत वाईट. सहा महिने हलू नका म्हणणाऱ्या घरच्यांना हे वाचून दाखवा. पहिला आठवडा सपाटीवर ५-१० मिनिटं, दिवसातून दोनदा. मग दर दोन-तीन दिवसांनी २-३ मिनिटं वाढवत चौथ्या आठवड्यापर्यंत सलग ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. जेवणानंतर तासभर थांबून. बीटा ब्लॉकरवर नाडी मोजून उपयोग नाही, बोलून बघायचं: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग योग्य, शब्द तुटले तर कमी करा, गाणं म्हणता आलं तर थोडा वाढवा. कमाटीबागेत सकाळी सपाट रस्ता आणि बाकडी दोन्ही आहेत.

खंडेराव_मार्केट

म्हणजे कमाटीबागेत सकाळी जे मोठ्याने गातात ते सगळे स्टेंटवाले? आम्ही उगाच नावं ठेवत होतो.

लहरीपुरा

कामावर परत जाऊन पहिल्या दिवशी सेवउसळ + तरी + पाव = ? मेट

सिस्टर_इन_चार्ज

@लहरीपुरा, मेट शून्य, मीठ भरपूर. दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चमचाभर, यात सगळं बसवायचं असतं. कँटीनमधलं लोणचं, पापड, तळलेल्या मिरच्या आणि रविवारचे फाफडे धरले तर तो चमचा नाश्त्यातच संपतो. डबा न्या.

मावा-तंबाखू खाणाऱ्यांनी "मी कुठे सिगरेट ओढतो" म्हणू नये. निकोटिन दोन्हीकडे तेच. आणि सिगरेट ओढणाऱ्याने सोडली तर पुढचा मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने उतरतो, एवढा फायदा कुठल्याच एका गोळीत नाही.

पगारपत्रक

पैशाचं बघूया. मेव्हण्यांचा पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू असणार. आजारपणाचा भत्ता सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. अट: त्याआधीच्या संबंधित सहामाही अंशदान काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. पहिले दोन दिवस भत्ता नाही.

इथे घोळ होतात ते असे. एक, खासगी हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड म्हणजे ईएसआयचं सर्टिफिकेट नव्हे. ते पुरावा म्हणून चालू शकतं, पण सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरकडूनच घ्यायचं. दोन, पहिलं सर्टिफिकेट घेतलं आणि मधलं घेतलंच नाही, की मधले दिवस गैरहजेरीत. तीन, शेवटच्या सर्टिफिकेटवर फिट झाल्याची तारीख आणि कंपनीत रुजू झाल्याची तारीख जुळत नाही. कंपनीने "सोमवारी ये" म्हटलं आणि माणूस फिट सर्टिफिकेटच्या आधीच रुजू झाला, तर भत्ताही जातो आणि आत काही झालं तर वादही उभा राहतो.

९१ दिवस संपूनही कामावर जाता येत नसेल तर वाढीव आजारपण भत्ता आहे, ८० टक्के, ठरावीक ३४ आजारांसाठी. यादीत कोरोनरी आजार आहे, पण अटॅकच्या बाबतीत ईएफ ४५च्या खाली हवा. सलग दोन वर्षं नोकरी आणि १५६ दिवसांची वर्गणी ही अट वेगळी. म्हणजे ४५ आणि ४४ यात पैशाचा फरक पडतो! इकोचा कागद जपून ठेवा.

सरकारी नोकरीत वेगळं. केंद्राच्या नियमांत अर्धपगारी रजा वर्षाला २० दिवस जमते, आणि वैद्यकीय दाखल्यावर ती निम्म्या दिवसांच्या पूर्ण पगारी रजेत बदलून मिळते. रुजू होताना फिटनेसचा दाखला लागतोच. रेल्वेवाल्यांना मात्र रेल्वेच्या डॉक्टरचाच शब्द चालतो. गाडी चालवणारे, सिग्नलवाले यांची वैद्यकीय श्रेणी वेगळी आणि कडक असते.

रावपुरा_टॉवर

क्रिटिकल इलनेस पॉलिसीबद्दलही सांगा कोणी. लोक धरून चालतात की स्टेंट म्हणजे पैसे मिळणारच.

पगारपत्रक

नाही. पुष्कळ पॉलिसींत नुसती अँजिओप्लास्टी वगळलेली असते, किंवा मर्यादित रक्कम असते. अटॅक मात्र व्याख्येत बसला तर धरतात. त्यासाठी ईसीजीतले बदल आणि ट्रोपोनिन या रक्ततपासणीचा रिपोर्ट लागतो. डिस्चार्जच्या वेळी ट्रोपोनिनची प्रत मागून घ्या, नंतर मिळवताना चपला झिजतात.

तांदळजा_रोड

सगळे कारखान्याचं बोलताय. ज्या बाईला स्टेंट बसतो तिची रजा किती? तिला तर चौथ्या दिवशी ओट्यापाशी उभं करतात आणि म्हणतात घरचंच तर काम आहे.

त्याच भोंगासाहेबांच्या मापाने बघा. पाण्याने भरलेली २० लिटरची बादली म्हणजे २० किलो. भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोच्या आसपास, आत गॅसच १४.२ किलो. ओली चादर पिळणं म्हणजे मनगट पिळणंच. उकिडवं बसून फरशी पुसणं, वाकून गादी उलटणं, माळ्यावरून डबा काढताना दोन्ही हात डोक्यावर. अटॅकनंतर हात डोक्यावर धरून काम करणं पायांच्या कामापेक्षा लवकर थकवतं.

पहिले दोन आठवडे: बसून भाजी चिरणं, घड्या घालणं, चहा. पोळ्या उभ्याने, पण चार जणांच्या, वीस जणांच्या नाही, आणि त्याही मनगट बरं झाल्यावर. बादली अर्धी, मग्ग्याने भरलेली. फरशीला उभा मॉप. पूर्ण सफाई, धुणं, सिलिंडर ६ आठवड्यांनंतर, तेही डॉक्टरांनी बघितल्यावर. हे फ्रिजवर चिकटवा.

मांडवीची_मावशी

+१००. फ्रिजवर चिकटवलं तर वाचणार कोण हा पुढचा प्रश्न.

न्यायमंदिर_चौक

अवांतर, पण बडोद्याचा धागा आहे म्हणून: गरबा आणि उत्तरायण?

चालतं_बोलतं

गरबा: सहा आठवडे झालेत, ३० मिनिटं न थांबता चालता येतं, तर संथ दोन ताळी बाहेरच्या गोलात. दोढियं नको. रात्री बारापर्यंत जागून सकाळी पहिली पाळी हे मिश्रण नाचापेक्षा वाईट.

उत्तरायण: गच्चीवरचे जिने सावकाश. खरा धोका मांजा. दोन रक्त पातळ गोळ्यांवर बोट कापलं की नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ वाहतं. बोटांना पट्टी गुंडाळून घ्या, नाहीतर फिरकी धरा.

भोंगा_८चा

मांजावरून आठवलं. लेथच्या कातऱ्याने (धातूच्या धारदार सालीने) झालेल्या जखमेचंही तेच. कातरे हाताने ओढायचे नाहीत हा नियम सगळ्यांनाच आहे, पण या माणसाला तो जास्त. प्रथमोपचार पेटीवर लिहून ठेवा की तो रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर आहे. शिडी, मचाण, टाकीवरचं काम गोळ्या चालू असेपर्यंत नको. डोक्यावर पडला तर मेंदूत रक्तस्रावाचा धोका नेहमीपेक्षा मोठा.

रसायनांच्या बाजूला असाल तर, म्हणजे नंदेसरी वगैरे, दोन गोष्टी. कार्बन मोनॉक्साइड रक्तातला ऑक्सिजन अडवतो, त्यामुळे छातीतलं दुखणं कमी श्रमात सुरू होतं. भट्टी, बंद जागेतला फोर्कलिफ्ट, जनरेटर यापासून लांब. आणि रंग काढायच्या काही द्रावणांत मेथिलीन क्लोराइड असतं, ते शरीरात गेल्यावर कार्बन मोनॉक्साइडच बनतं, हे फार कमी लोकांना माहीत आहे.

वेल्डिंगबद्दल नेहमी विचारतात. स्टेंट ही धातूची जाळी आहे, त्यात वीज नाही, बॅटरी नाही. वेल्डिंग मशीन, मेटल डिटेक्टर, मोबाइल, काही होत नाही. एमआरआयही करता येतो, फक्त स्टेंटचं कार्ड दाखवा. वेल्डिंगचा प्रश्न पेसमेकर आणि आयसीडीवाल्यांचा (छातीत बसवलेलं, हृदयाला झटका देणारं यंत्र).

अलकापुरीचा_राजा

बरं, दाढेचा शब्द मागे घेतो. पण गाडी? आठवड्यात चालवायला काय हरकत?

रावपुरा_टॉवर

खासगी गाडीसाठी आपल्याकडे स्टेंटचा वेगळा कायदा वाचनात नाही. व्यावसायिक परवान्याला फॉर्म १ए, म्हणजे डॉक्टरचा दाखला लागतो. ब्रिटनचे नियम मात्र स्पष्ट आहेत आणि डॉक्टरांना विचारताना उपयोगी पडतात: मोटारीला स्टेंट नीट बसला असेल, ईएफ ४० किंवा जास्त असेल आणि पुढच्या ४ आठवड्यांत दुसरी काही तातडीची प्रक्रिया ठरलेली नसेल तर एक आठवडा, नाहीतर ४. बस आणि ट्रकला ६ आठवडे आणि ब्रूसवर ९ मिनिटं. आरसीएचं ठरल्याशिवाय मेव्हण्यांनी आठवड्यावर जाऊ नये. आणि कंपनीची बस असेल तर तीच बरी.

लहरीपुरा

एक खासगी प्रश्न आहे, घरच्यांपुढे विचारता येत नाही. समजून घ्या.

सिस्टर_इन_चार्ज

समजलं, शरीरसंबंधांबद्दल ना? विचारलंत ते बरं केलंत, डिस्चार्जला कोणी बोलत नाही. दोन मजले जिना नेहमीच्या वेगाने, छातीत न दुखता, धाप न लागता चढता आला तर हरकत नाही. एक सक्त सूचना: लैंगिक ताकदीच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास जिभेखालची सॉर्बिट्रेट (छातीतल्या दुखण्यावरची गोळी) घ्यायची नाही, रक्तदाब कोसळतो. घेतली असेल तर ॲम्ब्युलन्समध्ये लाजू नका, सांगा.

मांडवीची_मावशी

हे सगळं शरीराचं झालं. घाबरटपणाचं काय? जराशी कळ आली की माणूस पांढराफटक पडतो.

चालतं_बोलतं

मावशी, बोटाने दाखवता येते, दाबलं की दुखते, क्षणात जाते, ती कळ बहुधा स्नायूची. मधोमध आवळल्यासारखं, श्रमाने येणारं, थांबल्यावर जाणारं, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे सरकणारं, ते हृदयाचं समजायचं. लगेच बसायचं, सॉर्बिट्रेट ५ जिभेखाली. उभ्याने घ्यायची नाही, चक्कर येते. ५ मिनिटांत थांबलं नाही तर १०८. स्वतः स्कूटरवर जायचं नाही. मधुमेह असेल तर कधीकधी दुखतही नाही, नुसता घाम आणि धाप.

आणि उदासी. अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला ती औषध लागण्याइतकी येते. झोप नाही, कामावर जायची इच्छा नाही, चिडचिड. दोन आठवड्यांच्या वर टिकली तर सांगायचं.

प्रतापनगरकर (धागाकर्ता)

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सर्वांच्या प्रतिसादांवरून डॉक्टरांना द्यायचा कागद तयार केलाय. गुरुवारी अपॉइंटमेंट आहे. चुकलं असेल तर सांगा:

"काम: लेथ ऑपरेटर, ८ तास उभे. दिवसात ६ ते ८ वेळा २५ किलो उचलणे (चेनपुली बसवता येईल). उन्हाळ्यात शेडमध्ये ४० अंशांच्या वर. तीन पाळ्या, दर आठवड्याला बदल. येणे-जाणे कंपनीची बस, स्टॉपपर्यंत १ किमी चालणे. विचारायचे: १) आरसीएची पुढची तपासणी कधी. २) इको परत कधी. ३) गोळ्या चालू ठेवून टीएमटी कधी. ४) किती किलोपर्यंत, किती तास, रात्रपाळी कधीपासून, हे आकड्यांत लिहून द्यावे."

भोंगा_८चा

उत्तम. दोन भर घाला. एक, "पहिला आठवडा ४ तास, दुसरा ६, मग पूर्ण" अशी चढती हजेरी डॉक्टरांच्या सहीने मागा, एचआर तोंडी मानत नाही. दोन, ओव्हरटाइम पहिले ६ आठवडे नाही, हेही लिहून घ्या. मेव्हणे स्वतःच ओव्हरटाइम मागायला जातील, त्यांनाच आधी अडवा.

चार आठवड्यांच्या आत लेथ नको, एवढं मी आजच सांगतो. मधल्या काळात टूल रूमची नोंदवही, इन्स्पेक्शन टेबलावर बसून व्हर्निअर-मायक्रोमीटरने मापं, नव्या पोरांना ड्रॉइंग वाचायला शिकवणं. असं खातं कंपनीत नाही म्हणता, पण ही कामं कोणीतरी करतंच असतं.

गोळीवाले_काका

सॉर्बिट्रेट खिशात, मूळ पट्टीतच ठेवा. बाटलीत सुट्या गोळ्या नकोत आणि स्कूटरच्या डिकीत तर उन्हाळ्यात अजिबात नकोत. शेजारच्या मशीनवरच्या माणसाला ती कुठल्या खिशात आहे ते माहीत असू द्या.

न्यायमंदिर_चौक

स्टेंटचं कार्डही. त्यावर कंपनी, व्यास, लांबी, नळी आणि तारीख असते. फोटो काढून घरच्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, कार्ड पाकिटात भिजून जातं.

चालतं_बोलतं

टीएमटीची तारीख मिळाली तर: त्या दिवशी गोळ्या घ्यायच्या, हलकं खाऊन दोन-तीन तासांनी जायचं, चहा-कॉफी नको. पुढून बटणं असलेला सैल शर्ट, आत बनियन नको, छातीवर इलेक्ट्रोड चिकटवावे लागतात. चपलेवर ट्रेडमिलवर चढू देत नाहीत, बूट न्या, आणि नवे कोरे नकोत.